मदत हवी आहे : जर्मनीतून ईस्टरच्या सुट्टीत प्राग-व्हिएन्ना प्रवास

नमस्कार. आम्ही सोलापुरात असतो; मुलगी जर्मनीत एमएस करते. ईस्टरच्या सुट्टीत मैत्रिणींसोबत रेल्वेने प्राग आणि व्हिएन्नाला जाण्याचा तिचा बेत आहे. मैत्रिणींकडे युरोपीय पासपोर्ट आहेत, म्हणून अडचण फक्त हिचीच आहे. तिच्या निवास परवान्याची मुदत संपली असून, मुदतीपूर्वीच नूतनीकरणाचा अर्ज केल्यामुळे तिला तात्पुरते प्रमाणपत्र (फिक्टिऑन्सबेशायनिगुंग) मिळाले आहे. त्यावर जर्मन निवास कायद्याच्या कलम 81, उपकलम 4 समोरच्या चौकटीत खूण आहे. पासपोर्ट वैध आहे. तिने परदेशी नागरिक कार्यालयाला दोनदा ईमेल केला, उत्तर नाही. प्रवासासाठी केलेल्या हॉस्टेल बुकिंगचे पैसे परत मिळण्याची मुदत जवळ आली आहे. याच प्रमाणपत्रावर, निवास परवान्याचे जुने कार्ड सोबत ठेवून, कोणी चेक प्रजासत्ताक किंवा ऑस्ट्रियात जाऊन आले आहे का, आणि परतताना रेल्वेतल्या तपासणीत ते चालले का?