पाळी मागेपुढे होत होती, कारण काय निघालं? सोलापूरच्या मैत्रिणींनो, लिहा

धागा काढणारी, ३६, जुळे सोलापूर: सुरुवात माझ्यापासून. पाळी ४५ दिवसांवर गेली, मग ६०. सासूबाई म्हणाल्या, उष्णता! आपल्याकडे सगळ्याचं खापर उन्हावरच फुटतं. डॉक्टरांनी आधी गरोदरपणाची तपासणी सांगितली. मुलं बंद व्हायचं ऑपरेशन झालंय म्हटलं, तरी करायला लावली. मग रक्त तपासलं. टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉइड मंद. केस गळणं, दिवसभर अंग जड, हे त्याचंच, पण मी कधी जोडून बघितलं नव्हतं. सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू केली, चार महिन्यांत पाळी ताळ्यावर आली.

विडी घरकुल, ४४: कधी पंधरा दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी, आणि आली की दहा दिवस गाठी पडायच्या. शेजारणी म्हणायच्या, जायचं वय आलं. मलाही तेच वाटलं. विड्यांच्या सुपावरून उठताना चक्कर यायला लागली तेव्हा गेले. हिमोग्लोबिन ७! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात पाळी इकडेतिकडे होते, पण एवढं अंगावरून जाणं वयावर ढकलायचं नाही. सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भपिशवीतली गाठ, दिसला, पिशवीच्या अस्तराचा तुकडाही तपासला. तो रिपोर्ट येईपर्यंत हाताला विडी वळेना.

कॉलेजवाली, २१: पीसीओडी, म्हणजे बीजकोशांचा त्रास. हनुवटीवर केस, तोंडभर पुरळ, पाळी दोन-तीन महिन्यांनी. पहिल्या डॉक्टरांचं उत्तर, "लग्न झालं की होईल नीट." (राग अजून गेला नाही.) दुसऱ्यांनी समजावलं की सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत, अर्धवट वाढून थांबलेली बीजं आहेत. बीज वेळेवर सुटत नाही म्हणून पाळी लांबते. आणि मी दिवस पाळी संपल्यापासून मोजायचे. मोजायचे असतात ती सुरू झालेल्या दिवसापासून.

तेरा वर्षांच्या मुलीची आई: आमच्यात काहीच निघालं नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं २१ ते ४५ दिवस चालतं म्हणाले. सलग तीन महिने आली नाही तर दाखवा.

बाळीवेस, ३३: माझा घोळ माझाच. गौरी, नवरात्र, गड्डा (आपली सिद्धेश्वरांची जत्रा)... प्रत्येक वेळी दुकानातून पाळी पुढे ढकलायची गोळी आणायची. गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत पाळी, म्हणजे दरवेळी तारीख सरकलेली. वर वर्षभर तक्रार, माझी पाळी अनियमित! यंदा गोळी नाही घेतली. गड्ड्यात काठ्यांची (नंदीध्वजांची) मिरवणूक निघाली त्याच दिवशी आली. घरच्यांनी ओट्यावर बसवलं, तिथून काठ्या बघितल्या.