निबंध तपासायला यंत्र बसवावं का?

फोंड्याचो मास्तर:
नववीच्या दोन तुकड्या, ८६ निबंध, विषय ‘आमची चवथ’, म्हणजे गणेशचतुर्थी. पहिल्या दहांना सविस्तर शेरे लिहिले, साठाव्यापाशी नुसता आकडा. मग यंत्र का नको? एलिस पेज या संशोधकांनी अमेरिकेत १९६६ मध्येच ही कल्पना मांडली. १९९९ पासून जीमॅट या व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेतल्या निबंधाला एक माणूस आणि एक यंत्र अशी जोडी गुण देऊ लागली. यंत्र दमत नाही, आडनाव बघत नाही.

सत्तरीची बाय:
आणि अर्थही बघत नाही, मास्तर! एमआयटीचे लेस पेरेलमन आणि काही विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये ‘बेबेल’ नावाचा प्रोग्राम केला. त्याला दोन-तीन शब्द द्यायचे, तो भारदस्त वाक्यांचा निरर्थक निबंध ओततो. असल्या निबंधांना यंत्राने चांगले गुण दिले. कारण माणसांनी तपासलेल्या निबंधांवरून ते लांबी, जड शब्द, वाक्यरचना एवढ्या खुणा उचलतं. पोरांना हे कळायला एक चाचणी परीक्षा पुरे.

फोंड्याचो मास्तर:
कळलेलंच आहे. ‘भारत हा सणांचा देश आहे’ हे गाईडातलं वाक्य यंदाही ढिगाने आलं. गुण कोणी दिले? मीच.

पणजीचा प्रोग्रामर:
मी या धंद्यातला, तरी घाई नको म्हणेन. आधी तपासलेले मराठी निबंध हवेत, तेही टाईप केलेले. पोरांचं हस्ताक्षर वाचणं ही वेगळीच डोकेदुखी. शिवाय पुण्याकडचे निबंध खाऊ घातलेत, तर ‘माटोळीला तोरिंगां, सुपारीची शिपटां बांधली’ हे आपल्या गोंयचं वाक्य, म्हणजे गणपतीवर टांगायच्या माटोळीला पपनसं, सुपारीचे घोस बांधले, चुकीचंच ठरणार.

फोंड्याचो मास्तर:
खरं सांगू? शिपटांवर मीही लाल शाई ओढली. वर ‘घोस’ लिहिलं.

सत्तरीची बाय:
ओढलीत ना? पण ती पोर उद्या स्टाफरूमच्या दारात उभी राहून ‘सर, हे का खोडलं?’ विचारू शकते. यंत्राच्या दारात कुठे उभी राहील?

फोंड्याचो मास्तर:
विचारलं तिने. अर्धा गुण वाढवला. पण विचारायला आली ती एकटीच, बाकीचे ८५ गप्प. शुद्धलेखन तरी यंत्राकडे देऊया, आशय मी बघतो.

पणजीचा प्रोग्रामर:
शुद्धलेखन दिलंत की पहिली जाणार ती शिपटांच, सर.