सल्ला हवा: चवथीला फाशांऐवजी पत्त्यांवर याट्झी, सासूबाईंना खेळता यावं म्हणून

फोंड्याची सून
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, घरात लहानमोठी धरून आठ माणसं. रात्रीची आरती-जेवणं आटोपली की सोप्यावर चटई टाकून याट्झी खेळायची हा गेल्या कित्येक वर्षांचा रिवाज. नणंद दुबईला होती तेव्हा तिने हा पाच फाशांचा खेळ आणला होता. आमच्या घरात तो सगळ्यात चांगला कोण खेळत असेल तर सासूबाई. गुणांच्या कागदावरचा कुठला रकाना कधी भरायचा आणि कुठला राखून ठेवायचा हे त्यांना बरोबर कळतं.

आता त्यांना पार्किन्सन्स आहे, हात थरथरतात. मागच्या चवथीला त्यांनी पेला हलवला आणि दोन फासे उडून थेट माटोळीखालच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीखालच्या, पाटाआड गेले. मुलं पालथी पडून शोधत होती. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही खेळा गो, मी बघते." उरलेले चार दिवस त्या नुसत्या बघत बसल्या. मला ते फार लागलं.

हाच खेळ पत्त्यांवर खेळता येतो असं ऐकलंय. कोणी खेळलंय का? तयार संच घ्यावा की घरच्या कॅटवर जमेल? सगळ्यात लहान खेळाडू आठ वर्षांचा, सगळ्यात मोठ्या ७८ वर्षांच्या. आणि मुख्य म्हणजे मजा तीच राहते का?

मडगावकर
ताई, फासे कशाला सोडता? मोठी परात घ्या, तळाला जाड टॉवेल घाला आणि त्यात टाकायला सांगा. बाहेर जाणार नाहीत, आवाजही होणार नाही.

फोंड्याची सून
मडगावकर, परात करून पाहिली. फासे बाहेर गेले नाहीत हे खरं. पण पेला धरतानाच हात जास्त थरथरतो, आणि सगळे आपल्या हाताकडे बघतायत असं त्यांना वाटतं. त्यांच्या जागी त्यांचे फासे दुसऱ्याने टाकणं त्यांना आवडत नाही. म्हणून पत्त्यांचं विचारलं.

डिचोलीचे मास्तर
जमेल, आणि विकतचं काही लागत नाही. मी निवृत्त गणितशिक्षक, नातवंडांबरोबर हा खेळ पत्त्यांवर बरीच वर्षं खेळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅटमधून एक्का ते छक्की एवढीच पानं काढा. एका कॅटमध्ये ती २४ भरतात. पण एकाच कॅटवर खेळू नका. त्यात प्रत्येक आकड्याची चारच पानं असतात, त्यामुळे पाच एकसारखी, म्हणजे खेळातला सर्वात मोठा डाव, कधीच लागणार नाही. दोन कॅट घ्या: ४८ पानं, प्रत्येक आकडा आठ वेळा. दोन्हींची पाठ एकाच रंगाची असू द्या.

ज्याची पाळी त्याने पाच पानं चटईवर उघडी मांडायची. नको ती टाकायची, तेवढीच गठ्ठ्यातून घ्यायची, पुन्हा एकदा तसंच, आणि मग १३ रकान्यांपैकी एकात गुण लिहायचे. फाशांच्या तीन फेकींचाच हा हिशोब. गुणही तेच: तीन-दोनला, म्हणजे एका आकड्याची तीन आणि दुसऱ्याची दोन, २५, चारच्या ओळीला, म्हणजे चार लागोपाठच्या आकड्यांना, ३०, पाचच्या ओळीला ४०, पाच एकसारख्यांना ५०, आणि वरच्या सहा रकान्यांत (एक ते सहा, प्रत्येक आकड्याचा एक) मिळून ६३ झाले की ३५ जादा.

आता तुमचा मजेचा प्रश्न. मजा तीच राहत नाही, वेगळी होते, आणि माझ्या मते वाढते. फासा प्रत्येक फेकीला नव्याने सुरुवात करतो, सहाही आकडे पुन्हा सारखेच. पत्ता एकदा पडला की गठ्ठा पिसेपर्यंत परत येत नाही. त्यामुळे काय काय पडून गेलं हे ज्याच्या लक्षात राहतं तो पुढे जातो. एवढ्याचसाठी दर पाळीनंतर पानं गोळा करून पिसू नका. टाकलेली पानं उघडी पसरून ठेवा आणि गठ्ठा संपला की मगच पिसा. पाळीच्या मध्यात संपला तर हातातली पाच सोडून बाकीची पिसून घ्यायची.

डावांची किंमतही बदलते. पाच फासे पहिल्याच फेकीत एकसारखे पडण्याची शक्यता १२९६ मध्ये एक. दोन कॅटवर पहिल्या वाटपात तेच ५०९६ मध्ये एक होतं, जवळजवळ चौपट अवघड. तीन-दोन फाशांवर साधारण २६ मध्ये एक, पत्त्यांवर ३६ मध्ये एक. ओळीचं मात्र उलटं: पाचची ओळ फाशांवर ३२ मध्ये एक, पत्त्यांवर २६ मध्ये एक. कारण सरळ आहे. एक पंजी हातात आली की गठ्ठ्यातली एक पंजी कमी होते, पण बाकीच्या आकड्यांची आठही पानं शाबूत असतात. म्हणून आम्ही पाच एकसारख्यांना ५० ऐवजी ७५ गुण देतो. ओळीचे ४० तसेच ठेवलेत.

आठ माणसांना दोन कॅट कमी पडतील. एका पाळीला जास्तीत जास्त १५ पानं लागतात, म्हणजे तीन पाळ्या झाल्या की पिसायची वेळ. चार कॅट घ्या, ९६ पानं. मग पाच एकसारख्यांची शक्यताही २३३२ मध्ये एकवर येते. पिसणं मुलांकडे द्या, दोन ढीग करून. त्यांना ते काम फार आवडतं.

पर्वरीहून वहिनी
माझ्या वडिलांना हाच आजार होता, त्यामुळे दोन गोष्टी सांगते. गुळगुळीत फरशीवर किंवा टेबलावर सपाट पडलेलं पान थरथरत्या बोटांना उचलता येत नाही, नख शिरतच नाही. खाली जाड चादर किंवा घडी घातलेलं ब्लँकेट घाला. बोट टेकलं की कापड दबतं आणि पानाची कड आपोआप वर येते.

दुसरं, कपडे घासायचा नवा कोरा ब्रश आणा, लांबट, कडक केसांचा. तो उलटा ठेवायचा आणि केसांत पानं उभी खोचायची. बाबा त्यावर रमीसुद्धा खेळायचे. याट्झीत लपवायचं काही नसतं, तरी उभी पानं त्यांना मान न वाकवता दिसतील. मोठ्या आकड्यांचे कॅट मिळतात, तेच घ्या. आणि चवथीच्या दिवसांत हवा दमट, कागदी पत्ते फुगून एकमेकांना चिकटतात. प्लास्टिकचे घ्या. नेवऱ्यांचे तेलकट हात लागले तरी पुसता येतात.

पेडणेकर
मास्तरांनी छान समजावलंय. माझं आजोळ सावंतवाडी, त्यामुळे हे वाचताना गंजिफा, तिथला जुना गोल पत्त्यांचा खेळ, आठवला. दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२०. एक ते सहा घेतली तर प्रत्येक आकड्याची दहा पानं, म्हणजे या खेळाला अगदी जमणारा संच. पण हाताने रंगवलेली गोल पानं रोज पिसायला काढू नका. आमच्याकडे ती कपाटातच असतात, मुलांना दाखवण्यापुरती बाहेर येतात.

लहान मुलांसाठी एक भर: फाशांना रंग नसतो, पत्त्यांना असतो. पाचही इस्पिक किंवा पाचही बदाम आले की ३५ गुण, असा चौदावा रकाना आम्ही घातला. आठ वर्षांच्या मुलाला बेरजेआधी रंग दिसतो, त्याला हा रकाना फार जवळचा वाटतो.

फोंड्याची सून
सगळ्यांचे मनापासून आभार. चवथीची वाट न बघता रविवारी घरच्या चौघांत दोन कॅटवर खेळून पाहिलं. चादर घातली, ब्रश आणला.

पहिल्या दोन पाळ्या सासूबाई गप्प होत्या. पान खोचायला वेळ लागत होता, पण घाई कोणीच केली नाही. मग एका पाळीला त्यांच्या ब्रशात दुर्री, तिर्री, दोन पंज्या आणि छक्की अशी पानं होती. धाकटा म्हणाला, "आजी, पंज्या ठेव, बाकीची टाक." त्यांनी पसरलेल्या पानांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "सहा पंज्या खाली पडल्यात, दोन माझ्याकडे. आता गठ्ठ्यात पंजी कुठली रे?" एक पंजी टाकली. पहिल्यांदा एक्का आला, तो टाकला. दुसऱ्यांदा चौकटची चार. पाचची ओळ, ४० गुण! धाकटा बसून खालची पानं मोजत होता, खरंच सहा पंज्या निघाल्या. पुढच्या पाळीपासून तो स्वतःच मोजायला लागला.

मास्तर, एक विचारायचं राहिलं. आठ माणसं, प्रत्येकाचे १३ रकाने, म्हणजे रात्र फार लांबेल. आरतीनंतर नऊला बसलो तरी सासूबाईंना साडेदहापर्यंत झोपायला हवं.

डिचोलीचे मास्तर
वाचून फार आनंद झाला. आठ जणांच्या चार जोड्या करा, एका जोडीचा एकच कागद, पाळी आलटून पालटून. १०४ ऐवजी ५२ पाळ्यांत डाव संपेल. आणि त्या धाकट्याला आजीच्या जोडीत द्या.