डायल-अप जोडलं जातं, पण विद्यापीठाची आतली पानं उघडत नाहीत

घोडबंदरकर:
लिनक्स, बाहेरचा ५६के (सेकंदाला ५६,००० बिट) मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट जोडणारं यंत्र, आणि यूएसबी-सीरियल केबल. विद्यापीठाचा नंबर लागतो, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतो. पण आतला एकही सर्व्हर पिंगला (जोडणी तपासणाऱ्या संदेशाला) उत्तर देत नाही. घरचं वायफाय चालू असतं. अधूनमधून 'नो डायलटोन' येतं ते वेगळंच.

कळवा_पूर्व:
घोळ वायफायचाच. आधीचा डिफॉल्ट रूट (बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा नेहमीचा मार्ग) असला की पीपीपीडी, म्हणजे डायल-अपची जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम, तो हटवत नाही. पॅकेटं घरच्या राउटरकडेच जातात. वायफाय बंद करून मग डायल करा. 'आयपी रूट' ही कमांड चालवल्यावर डिफॉल्टच्या ओळीत पीपीपी० (डायल-अपची जोडणी) दिसायला हवं. पीपीपीडीच्या ऑप्शन फाइलमध्ये 'डिफॉल्टरूट' (मार्ग डायल-अपवरून न्या) आणि 'यूजपीअरडीएनएस' (नावांचे पत्ते पलीकडच्या सर्व्हरला विचारा) हवेत. 'नोऑथ' (पलीकडच्याकडून ओळख मागू नका) तुमच्याकडे असणारच, नाहीतर वायफाय चालू असताना आयपीपर्यंत पोचलाच नसतात.

नेरूळ_सेक्टर:
डायलटोनचं: कॉल डायव्हर्ट किंवा व्हॉइसमेल असेल तर टोन तुटक येऊ शकते आणि मोडेम ती ओळखत नाही. डायल करण्याआधी मोडेमला 'एटीएक्स३' ही आज्ञा पाठवा, मग तो टोनची वाट बघत नाही. त्याच तारेवर ब्रॉडबँड असेल तर मोडेम स्प्लिटरच्या (फोन आणि ब्रॉडबँड वेगळे करणाऱ्या डबीच्या) फोनच्या बाजूला लावा. आणि त्याच लाइनवरचा दुसरा (समांतर) फोन कुणी उचलून ठेवलेला नाही ना, तेही बघा!

घोडबंदरकर:
आतली पानं उघडली. पण वेग सेकंदाला ३१,२०० बिटच का?

कळवा_पूर्व:
चांगलाच आहे की. दोन्ही टोकांना ॲनालॉग लाइन असेल तर ३३,६००च्या वर जाताच येत नाही. ५६केसाठी पलीकडे डिजिटल लाइन लागते. पोर्टचा (संगणक ते मोडेम) वेग मात्र १,१५,२००च ठेवा.