चूक झाली तर हॉस्पिटलनं स्वतःहून सांगावं की नाही?

बर्डीकर
दिवाळीनंतर बाबा धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात होते. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) रात्री २० युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. बाटली मीच खालच्या दुकानातून आणली, १०० वाली (म्हणजे एका मिलीत १०० युनिट). वॉर्डात सिरिंज मात्र लाल टोपणाची, म्हणजे ४० च्या बाटलीसाठीची. तिच्यात २० च्या रेघेपर्यंत १०० वालं भरलं की अंगात ५० युनिट जातं, अडीचपट. पहाटे तीनला बाबांचा सदरा घामानं ओला, मलाच ओळखेनात. शुगर ३८. ग्लुकोज लावलं, वाचले. सकाळी राउंडला डॉक्टर म्हणाले, "रात्री नीट जेवले नसतील." अहो, पोळी मी माझ्या हातानं भरवली होती! खरं काय झालं ते दोन दिवसांनी एका सिस्टरनं जिन्यात हळूच सांगितलं. इन्सुलिन चुकलं ते एक वेळ सोडून देईन, पण जेवणावर ढकललं ते नाही. माझं म्हणणं एवढंच, चूक झाली की घरच्यांना त्याच दिवशी सांगणं सक्तीचं करा.

रात्रपाळी
सक्ती कोणावर दादा? मी १२ वर्षं स्टाफ नर्स आहे. रात्री एका वॉर्डाला आम्ही दोघी, त्यातली एक शिकाऊ. चूक कबूल केली की मेमो आमच्या नावानं निघतो, मॅनेजमेंटच्या नाही. आणि बाहेर पंधरा माणसं उभी असतात. हल्ल्याविरुद्ध २०१० चा कायदा आहे राज्यात, पण रात्री दोनला काच फुटते तेव्हा आमच्याजवळ फक्त एक वॉचमन असतो. त्या जिन्यातल्या सिस्टरचं नाव बाहेर काढू नका म्हणजे झालं.

काऊन_बा
ते काऊन सांगतील भाऊ? फुकटात कोणी सांगत नसते. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं डॉक्टर लोकांना ग्राहक कायद्यात आणलं, ते उगीच नाही. पहिले फाईलची झेरॉक्स मागा, लेखी. ७२ तासांत द्यावी लागते. राज्य ग्राहक आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबईले जाचं कामच नाही. तुम्ही चर्चा करून राहिले आन् तिकडे कागद बदलून राहिले असतील.

अजनीवाला
वरच्या भाऊंना एक सांगतो. जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ते सरकारी दवाखाने त्याच निकालानं वगळले. म्हणजे मेयोसारख्या दवाखान्यातल्या पेशंटनं कुठं जायचं?

जुना_मेडिकलवाला
मेडिकलला शिकलो (नागपुरात मेडिकल म्हटलं की कॉलेजच, औषधाचं दुकान नाही), आता भूल देतो. केस टाकून कोणी सुधारत नाही. डॉक्टर घाबरतो, चार तपासण्या जास्त लिहितो, आणि गडचिरोलीचा, बालाघाटचा अवघड पेशंट रेफरची चिठ्ठी देऊन नागपूरला पाठवतो. चूक इन्सुलिन देणाऱ्या सिस्टरची कमी, एकाच ट्रॉलीत दोन प्रकारच्या सिरिंज ठेवणाऱ्याची जास्त. ऑपरेशनसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये १९ मुद्द्यांची यादी काढली. दिल्ली धरून आठ शहरांत वापरून बघितली, तर मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. आमच्याकडे ती यादी आहेच, फक्त टिका ऑपरेशन संपल्यावर एकदमच मारतात, बसून, चहा घेता घेता. असो. पण "त्याच दिवशी सांगा" याला माझा विरोध आहे. आधी तपास, मग सांगणं. अर्धवट सांगितलं तर गोंधळच होतो.

रात्रपाळी
सर, तपास करतं कोण? ज्यानं ट्रॉली भरली तोच.

बर्डीकर
डॉक्टरसाहेब, "जेवले नसतील" हे तरी कुठल्या तपासानंतरचं होतं?
काऊन_बा, फाईल मागितली, चौथ्या दिवशी मिळाली. खाडाखोड कुठंच नाही. त्या रात्रीच्या पानावर लिहिलंय: इन्सुलिन २० युनिट, दिले, सही. लिहिणाऱ्या सिस्टरच्या मते तिनं २० च दिले होते. सिरिंज कोणती वापरली, याचा रकानाच नाही त्या कागदावर.