फ्लेमिश सिनेमातली साधी माणसं: आपुलकी की तमाशा?

रातकिडा
बेल्जियमच्या उत्तरेकडच्या डचभाषक फ्लँडर्समधले चार पिक्चर या महिन्यात पाहिले. साध्या माणसांना इतक्या बरोबरीच्या नात्याने दाखवणारा सिनेमा मला तरी दुसरीकडे क्वचित दिसला. 'मॉस्को, बेल्जियम' (२००८) घ्या. मॉस्को ही गेंट शहरातली एक वस्ती. ४१ वर्षांची माट्टी पोस्टात नोकरी करते, पदरात तीन मुलं, नवरा एका विद्यार्थिनीपायी घर सोडून गेलेला. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये तिची गाडी ट्रकला धडकते आणि ती ड्रायव्हरशी कडाकडा भांडते, अस्सल गेंटच्या बोलीत. बार्बरा साराफियानने ते भांडण असं केलंय की कित्येक महिन्यांचा शीण त्यातून बाहेर पडतो. तिला 'बिचारी' म्हणायची सोयच ठेवलेली नाही.

गारगोटी
माट्टीबद्दल मान्य. पण 'द मिसफॉर्च्युनेट्स' (२००९)? पोस्टमन बाप आणि तीन काका, चौघेही आपल्या म्हाताऱ्या आईच्या जिवावर पीत बसलेले. वर नागड्याने सायकलची शर्यत! शहरातला प्रेक्षक पोटभर हसतो आणि घरी जातो. गरीब म्हणजे दारू नि शिव्या, एवढंच त्याच्या डोक्यात राहतं. मला ते बघताना राग आला. 'बुलहेड'मधला (२०११) शेतकरीसुद्धा स्वतःला हार्मोनची इंजेक्शनं टोचून बैल झालेला.

रातकिडा
'बुलहेड'बाबत अजिबात पटलं नाही. गुरांना बेकायदा हार्मोन्स टोचणाऱ्या ज्या टोळ्या त्यात दिसतात, त्या तिकडे खरंच होत्या. त्यांच्या मागावर असलेल्या कारेल फान नोपेन या पशुवैद्यकाचा १९९५ साली खून झाला.
आणि 'मिसफॉर्च्युनेट्स' ज्या कादंबरीवर आहे, ती डिमिट्री व्हेरहुल्स्टने स्वतःच्या लहानपणावरून लिहिलीय. जप्तीवाले टीव्ही उचलून नेतात, अमेरिकी गायक रॉय ऑर्बिसनचा टीव्हीवरचा कार्यक्रम तर चुकवायचा नाही, म्हणून हे सगळे एका इराणी जोडप्याच्या घरी जाऊन बसतात. गावाने ओवाळून टाकलेली माणसं परक्यांच्या घरी पाहुणी! हसायला लावण्यापुरतं लिहिणाऱ्याला हा प्रसंग सुचला नसता.

उंबरठा
तुम्ही दोघं घराच्या आतच भांडताय. 'दान्स' (१९९२) आठवा. फ्लँडर्समधल्या आल्स्ट शहरातल्या कापडगिरण्या, तिथे राबणारी लहान पोरं, आणि त्यांच्यासाठी चर्चचा रोष पत्करून निवडणूक लढवणारा पाद्री आडॉल्फ दान्स. तिथे कामगार एकत्र रस्त्यावर येतात. नंतरच्या या पिक्चरमध्ये जो तो आपल्या स्वयंपाकघरात एकटा. शिवाय १९६४ च्या मजूर आणण्याच्या करारांनंतर मोरोक्को आणि तुर्कस्तानातून आलेल्या मजुरांची घरं कुठे आहेत? स्थलांतरितांच्या पोरांवर 'ब्लॅक' (२०१५) आला, तोही ब्रसेल्सच्या गुन्हेगारी टोळ्यांवर.

रातकिडा
हे खरंय. इराणी जोडपंही एका प्रसंगापुरतंच.

गारगोटी
जप्तीचा प्रसंग पुन्हा लावून पाहिला. त्यात आपुलकी आहे, हे कबूल. पण माझा राग अजून तिथेच आहे, कारण त्या चौघांची धुणी धुणारी, त्यांना जेवू घालणारी म्हातारी. तिच्या पेन्शनवर घर चालतं, आणि पिक्चर मात्र पोरांचाच.