वेरूळ : आधीच्यांना हाकलून दिलं का?

फळा_खडू : सातवीच्या मुलांना घेऊन वेरूळला जाऊन आलो. लेणी क्रमांक १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, हे फाटकापाशीच सांगून टाकलं होतं. कैलासाच्या अंगणात एका मुलीनं विचारलं, "सर, मग आधीच्यांना हाकलून दिलं का?" "सगळे धर्म इथे गुण्यागोविंदानं नांदले" हे सहिष्णुतेचं ठरलेलं वाक्य तिच्या तोंडावर टाकायला माझी जीभ रेटेना. तिला काय सांगू?

दगडफूल : सर, घोळ आकड्यांनी घातलाय. ते क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत गेल्यावर जसे लागतात तसे दिलेत, काळाप्रमाणे नाहीत. २१ वं रामेश्वर आणि २९ वं धुमार लेणं ही शैव लेणी अनेक अभ्यासक सगळ्यात जुन्यांत धरतात. २१ समोर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली, तो सहाव्या शतकातला. बौद्ध लेणी बहुतेक त्यानंतरची. पुढे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचा कैलास, आणि जैन लेणी मुख्यतः नवव्या-दहाव्या शतकात. म्हणजे "एक गेले, दुसरे आले" अशी रांगच नाही.

पण सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही सांगू नका. १५ व्या दशावतार लेण्याची मांडणी विहारासारखी, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या मठासारखी आहे, ते बौद्धांसाठी कोरायला घेतलं असावं असं मत आहे. आज तिथे राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा लेख आणि शिव-विष्णूची शिल्पं आहेत. जागा हातातून हातात गेलीही.

रंधा_पटाशी : आम्ही सुतार. १० व्या लेण्याला आमच्यात कुणी चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, म्हणत नाही, ती "सुताराची झोपडी". आत बसलेला तो विश्वकर्मा. आजोबा नारळ घेऊन जायचे. मूर्तीचे हात छातीशी जुळलेत ना, ते दाखवून म्हणायचे, "बघ, देवाचं बोट हत्यारानं कापलं, ते धरून बसलाय." ती धर्मचक्र मुद्रा, म्हणजे उपदेश करतानाची हातांची ठेवण आहे, स्तूपाला टेकून पाय खाली सोडून बसलेले ते बुद्ध आहेत, हे मला कॉलेजात कळलं. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "असतील. पण छताकडे बघ."

तुम्हीही मुलांना वर बघायला लावा. कमानीसारखे वाकवलेले वासे एकामागे एक, अगदी लाकडाच्या छतासारखे. दगडाला वाशांची गरजच नसते, डोंगर आपला आपण उभा असतो. तरीही कोरणाऱ्यानं एकेक वासा काढला, कारण त्याच्या डोळ्यांसमोर लाकडी चैत्यगृह होतं. हे काम ओळखीचं वाटलं म्हणूनच आमच्या लोकांनी तिथला देव आपला मानला. मी आजही आत गेलो की दोघांनाही हात जोडतो, बुद्धालाही आणि आजोबांच्या विश्वकर्म्यालाही.

चरणाद्री : जैन लेण्यांपाशी लोक दमून परत फिरतात. त्या लेण्यांच्या वरच्या अंगाला डोंगरावर पार्श्वनाथाची मोठी मूर्ती आहे, तिच्यावर शके ११५६ चा, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकातला लेख आहे. देवगिरीला यादव होते तेव्हा. तिथे आजही पूजा होते. खाली गावात घृष्णेश्वर, अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात पुन्हा उभारलेला. आणि घाट चढून गेलात की खुलताबाद, चौदाव्या शतकातल्या सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा. त्या मुलीला सांगायची यादी तीन धर्मांवर थांबवू नका.

फळा_खडू : आभार. उद्या वर्गात फळ्यावर डोंगराची एक आडवी रेघ काढतो, तिच्यावर क्रमांक न घालता फक्त शतकं लिहितो. १५ व्या लेण्याचंही सांगतो, लपवत नाही. रंधा_पटाशी, त्या कापलेल्या बोटाची गोष्ट सांगितली तर चालेल ना?

रंधा_पटाशी : चालेल की. पुढच्या वेळी दुपारनंतर न्या, लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, ऊन आत येतं. फक्त मंगळवारी जाऊ नका, बंद असतं.